परातीतली शेवंती

काकी स्वतःचा चहा घेण्याआधी मुंग्यांना साखर घालायच्या. महाडला चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. कॉलेजसाठी त्यांची मागची खोली मी भाड्याने घेतली होती. रोज सकाळी अंगणातल्या शेवंतीच्या कुंड्यांभोवती त्या रवा-साखरेची रेघ ओढत जायच्या. "जेवा गो बायांनो," असं मुंग्यांना म्हणायच्या. मी दात घासत उभी असले की मला, "तुला मागाहून."

हा नेम मुळात काकांचा. ते गेल्यावर काकींनी तो उचलला. शेवंतीही काकांनीच पोलादपूरच्या त्यांच्या गावाहून आणलेली. दर पावसाळ्यात काकी तिचेच फुटवे नव्या कुंड्यांत लावायच्या.

काकी पोस्टात खिडकीवर होत्या. निवृत्त झाल्या तरी रांगेतल्या माणसांशी बोलावं तसं सगळ्यांशीच बोलायच्या; दूधवाल्याशी, न येणाऱ्या नळाशी, मुंग्यांशी आणि किडीशीसुद्धा.

किडीशी बोलायची वेळ दिवाळीनंतर यायची. शेवंतीच्या शेंड्यांवर काळा मावा दाटून बसायचा, पानं गुंडाळायची, कळ्या न उमलताच वाळायच्या. दोन वर्षं एकही फूल आलं नव्हतं. काकी नातवाची रंगपंचमीची पिचकारी घेऊन मावा धुवून काढायच्या. "चला, सरका पुढं, खिडकी बंद!" चार दिवसांत मावा परत हजर.

शेजारचे भाऊ म्हणाले, "वहिनी, औषध मारा. एका दिवसात साफ."

"आणि मुंग्या?"

"त्या पण जातील."

"मग नाय मारत."

मला एक गोष्ट ठाऊक होती, पण ती सांगायला धीर होत नव्हता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वाचलेलं मोठ्या माणसांना सांगताना जीभ अडखळायची. शेवटी एका सकाळी सांगितलं. मावा गोड चिकट पाणी सोडतो, त्यासाठी मुंग्या त्याला राखतात आणि त्याला खाणाऱ्या किड्यांना हाकलून लावतात.

काकींच्या हातातली वाटी तशीच राहिली. "म्हंजे मी इतकी वर्षं किडीचे राखणदार पोसले म्हण की!"

"साखर बंद करू या?"

"अजिबात नाय. नेम ह्यांचा, झाड पण ह्यांचंच. मी एक पण सोडणार नाय."

दोन दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मला वाटलं, खोली सोडावी लागणार. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून हाक आली. "लाडवांचा डबा मुंग्यांपासून कसा राखतो गो आपण?"

"पाण्याच्या ताटलीत ठेवून."

"मग उभी काय राहिलीस? ताटं काढ!"

परात, ताटं, थाळे, सगळं अंगणात गेलं. प्रत्येकात पाणी, मधे वीट, विटेवर कुंडी. भिंतीला टेकलेली फांदी काकींनी स्वतः छाटली, मुंग्यांना पूल नको म्हणून. डास होऊ नयेत म्हणून पाणी रोज बदलायचं. साखरेची रेघ कुंपणाशी गेली. आम्ही दोघी पातेल्याच्या झाकणांवर जेवायचो. पिचकारीनं धुतलेला मावा या वेळी फारसा वाढला नाही, आणि लाल पाठीवर काळे ठिपके असलेले किडे येऊन उरलेला खाऊ लागले. "आले बघ कामावर," काकी म्हणाल्या.

मार्गशीर्षात पहिलं पिवळं फूल आलं. ते काकांच्या फोटोला जाईल, असं मला वाटलं. काकींनी ते आरशासमोर उभं राहून स्वतःच्या केसांत खोवलं आणि शेजारी हळदीकुंकवाला निघाल्या. गल्लीतली एक बाई बघतच राहिली.

"काय बघतेस गो? माझ्या नवऱ्याचं झाड हाय."

यंदा पुढच्या शिक्षणासाठी मी महाड सोडलं. वीर स्टेशनला जाणारी रिक्षा दाराशी उभी होती. मी पाया पडले, तेव्हा काकींचे हात परातींच्या पाण्याने ओले होते. म्हणाल्या, "तिकडे कुणाला काय सांगावंसं वाटलं, तर सांगून टाक. माणसं दोन दिवस रुसतात, मग उठून परात काढतात."