आक्काचा राजेश्वर

सिरसाळ्याच्या पेठेत सिद्धारामचं किराणा दुकान होतं. शांपूच्या पुड्या नव्यानं निघाल्या, तशा दुकानाच्या दारावर त्यांच्या माळा लोंबू लागल्या. त्याची बायको जगदेवी मागच्या घरात राबायची. कुणाच्या अध्यात ना मध्यात. नेमकं अशाच बाईच्या वाट्याला हे यावं, याला काय म्हणावं!

सिद्धारामची थोरली बहीण शिवांजली वडवणीला दिलेली. लग्नाला इतकी वर्षं होऊन कूस उजवेना, तेव्हा सासरी नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची कुजबुज सुरू झाली. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हिच्या अंगात बीजच तयार होत नाही, दुसऱ्या बाईचं घ्यावं लागेल. ती बाई तिशीच्या आतली हवी, तिला स्वतःचं मूल झालेलं असावं, माहेरच्या रक्तात पिढीजात आजार नसावा. शिवांजलीला आपली भावजयच आठवली. जगदेवीचं पोरगं तेव्हा शाळेत जाऊ लागलं होतं.

जगदेवीचं रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. मग डॉक्टरीणबाईंनी नवरा-बायकोला समोर बसवलं. "रोज सुया टोचून घ्याव्या लागतील, पोट दुखेल. ते सोसता येईल. पण मूल डोळ्यांसमोर खेळेल आणि तुम्ही मामीच राहाल. हे जमेल का? घरी जाऊन विचार करा."

जगदेवीनं विचार केला तो शिवांजलीच्या येऊ घातलेल्या सवतीचा. स्वतःचा केलाच नाही. "दर महिन्याला वायाच जातंय, ते आक्काला दिलं तर माझं काय जातंय?" असं म्हणून मोकळी झाली. शिवांजलीनं तिला गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवायला लावला. हे तोंडातून कधी काढायचं नाही, अशी शपथ झाली.

शिवांजलीच्या पोटी राजेश्वर जन्मला, रांगू लागला, आणि जगदेवीच्या काळजाचं पाणी झालं. माहेरी, दिंद्रुडला वारलेल्या तिच्या बापाचे घारे डोळे त्या पोराच्या तोंडावर होते. "मामीवर गेलंय गं," शेजारणी चेष्टेनं म्हणायच्या. ती भाकरी थापत असली की पाठीमागून कुणीतरी बघतंय असं वाटे. वळून पाहावं, तर पोरगं दाराची चौकट धरून टक लावून उभं. तो आला की तिला धास्ती वाटायची, आणि गेला की घर खायला उठायचं.

पुढं जगदेवीला मुलगी झाली. बारशाला शिवांजली आपल्या सासूसह राजेश्वरला घेऊन आली. रुद्राणी नाव ठेवून झालं. जगदेवीच्या सासूनं, बायनाबाईंनी, हौसेनं नातवाचा हात पाळण्याच्या दोरीवर ठेवला.

"मामाची पोरगी हाय, ह्याचीच बायकू. शिवांजली, समद्या बायांसमोर सून म्हण तिला."

आत्याच्या मुलाला मामाची मुलगी द्यायची, ही त्यांच्यातली जुनी रीत. पाळण्यावर दिलेला शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती.

शिवांजली पांढरीफटक पडली. "पुढचं पुढं बघू, आई."

"कावून? भावाची लेक नकू झाली व्हय?"

शिवांजलीनं आपल्या सासूकडं पाहिलं. सासू तिच्याकडंच बघत होती. "सून," शिवांजली पुटपुटली, "माझी सून."

राजेश्वर खदखदा हसत दोरी ओढू लागला. जगदेवीनं दोरी धरून ठेवली. खरं बोलावं तर आक्काचा संसार मोडतो, गप्प बसावं तर पोटच्या लेकीचं लग्न सख्ख्या रक्ताशी लागतं. तिनं राजेश्वरला मांडीवर ओढलं, पदराखाली घेतलं आणि सगळ्या बायांदेखत पाजलं.

"अगं, काय केलंस हे!" बायनाबाई ओरडल्या. "एका दुधाची झाली की लेकरं! आता लगीन कसं व्हायचं?"

"न्हाई व्हायचं," जगदेवी म्हणाली.

शिवांजलीनं पोरगं हिसकावून घेतलं. पदरानं त्याचं तोंड पुसलं, परत पुसलं, ओठ लाल होईस्तोवर पुसत राहिली. "शपथ घेतली व्हतीस तू," ती जगदेवीच्या कानाशी म्हणाली.

"एक शबुद बोलले न्हाई, आक्का."

"पोटात वागवायचं आन् दूध पाजायचं, तेवढंच माझं व्हतं गं. बाकी समदं तुझंच हाय त्याच्यात."

न जेवताच ती दुपारच्या एसटीनं वडवणीला गेली. त्यानंतर राजेश्वरला तिनं माहेरी कधी आणलं नाही.

बाया पांगल्यावर जगदेवीनं रडणाऱ्या रुद्राणीला पाळण्यातून उचलून पदराखाली घेतलं. पिता पिता पोरीनं डोळे उघडले आणि वर पाहिलं. तेच डोळे, दिंद्रुडचे.