बोट दाखवणारी माणसं

आज सकाळी दारात एक वयस्कर गृहस्थ उभे होते, हातात जुनी हार्मोनियमची पेटी. "नेटवर खूप शोधलं, दुरुस्तीवाला सापडेना. मग कोपऱ्यावर विचारलं, तर तिघांनीही इकडंच बोट दाखवलं," म्हणाले.

नेटवरच्या शोधाचंही असंच असतं. इतर साइट्स लिंक देऊन जिच्याकडे बोट दाखवतात, ती वर येते. लोकांच्या साइट्ससाठी अशा लिंक मिळवणं हेच माझं काम. पेट्या दुरुस्त करणाऱ्या बाबांनीही हौसेनं स्वतःची साइट केली होती आणि तिच्यावर गावोगावच्या पेटीवाल्यांच्या लिंक दिल्या होत्या. आपण चार घरी गेलो की चार माणसं आपल्याकडे येतात, अशी त्यांची समजूत. आलं कुणीच नाही. "माझ्या साइटचंही बघ की जरा," ते म्हणायचे. "बघते, बाबा," मी म्हणायचे. साइट विसाव्या पानावर पडून राहिली. तिथवर कोण जातं?

"आहेत का ते घरात?" गृहस्थांनी विचारलं.

बाबांना जाऊन वर्ष झालं. कोपऱ्यावरच्या तिघांना हे ठाऊक आहे. खांदा त्यांनीच दिला होता. तरी कुणाच्या हातात पेटी दिसली की सवयीनं त्यांचं बोट आमच्या दाराकडे वळतं.

माझं कधीच वळलं नाही.