आठवं चुंबक

मागच्या उन्हाळ्यात बाबांच्या छातीत पेसमेकर बसवला. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, चुंबक छातीपासून हातभर तरी लांब ठेवा. बाबा तेव्हा गाडीत बसले होते. ऐकलं फक्त मी, आणि मान डोलावली. फुलसावंगीला घरी माझ्या टेबलावर त्याच वेळी आठ चुंबकं पडलेली होती. बोटाच्या पेराएवढीच, पण दोन चुंबकांच्या मध्ये कातडी सापडली तर रक्त काढतील अशी.

मी शाळेत विज्ञान शिकवते. सुट्टीत घरी मोटर बनवायचं खूळ डोक्यात शिरलं होतं. फिरणारा रोटर थ्रीडी प्रिंटरवर छापायचा, त्याच्या आठ खाचांत आठ चुंबकं बसवायची, बाजूला हातानं गुंडाळलेली तांब्याची तार. घरात खरं सांगितलं असतं तर मायनं सगळा पसारा उकिरड्यावर फेकला असता. म्हणून थाप मारली, "बाबा, माह्या खोलीत येऊ नका, करंट लागन." मोठी शहाणी ना मी!

मे महिना, डोक्यावर टिनाचं छप्पर. छापलेलं प्लास्टिक त्या उकाड्यात मऊ पडलं, ते माझ्या ध्यानातच आलं नाही. दुपारी मोटर सुरू केली. गर्रकन फिरली! मी टाळी वाजवणार तोच खाडकन आवाज झाला. थांबवून पाहते तर सातच चुंबकं, एक खाच रिकामी, आणि खोलीचं दार सताड उघडं.

चुंबक शोधायचं म्हणजे घरातलं लोखंड शोधायचं. कूलरची जाळी, विळा, पलंगाचे पाय, शिलाई मशीन, सगळं चाचपलं. नाहीच.

"काय हरपलं व पोरी?" मायनं विचारलं.

"काई नाई म्हटलं ना!" मी तिच्यावरच खेकसले.

संध्याकाळी बाबा पारावरून आले आणि ओसरीवर भिंतीला टेकून बसले. "जरासं गरगरून राह्यलं," म्हणाले. माय म्हणाली, ऊन लागलं असेल. तंबाखू मळायला बाबांनी बंडीच्या छातीवरल्या डाव्या खिशातून पत्र्याची डबी काढली. डबीच्या बुडाला माझं चुंबक.

मी डबी हिसकावली आणि अंगणात भिरकावली.

"हे खिशात काहून ठेवलं, बाबा?"

"पारावर निंघालो त तुया दारात पडेल होतं, उचललं त डबीले चिपकलं. अंदर येऊ नका म्हटलं होतं ना तू. म्हटलं, जपून ठेवतो, पोरीचं काम अडन."

डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, काढलं ना, आता घाबरू नका, सकाळी दाखवायला आणा. फोन ठेवला आणि मी रडत रडत बाबांना सगळं सांगून टाकलं. माय कपाळाला हात लावून बसली. बाबा छातीवर तळवा ठेवून ऐकत होते.

"पह्यलेच सांगतलं असतं, त मी अंगणात खाट टाकून बसलो असतो ना व," ते म्हणाले. "तुई मोटर मी कायले बंद केली असती?"