सिस्टरची टेप

सांगलीच्या आयसीयूतल्या त्या सिस्टरच्या गळ्यात शिंप्यासारखी टेप असायची. बोलायची इतकी हळू, की आपणच कान पुढं करायचा. आमचे आबा अंगानं लय भारी, आणि बारा दिवस व्हेंटिलेटरवर. मशीन सुटणार का, एवढीच घरात चिंता.

एका सकाळी आत गेलो, तर ती आबांना डोक्यापासून टाचेपर्यंत टेप लावत होती. आमच्या तासगावाकडं निजलेल्या माणसाची लांबी फक्त तिरडीसाठी मोजतात. 

"सिस्टर, गेले का?"

तिनं मला बाजूला नेलं. "न्हाई ओ दादा. मशीनचा आधार कमी करायचाय. हवा किती द्यायची ते उंचीवर ठरतं. माणूस जाड झाला म्हणून फुप्फुसं मोठी होत न्हाईत."

घरातला पहिला पदवीधर मी, पण हे मला ठाऊक नव्हतं.

मग पोटाचा भार छातीवर येऊ नये म्हणून तिनं पलंग डोक्याकडून उंच केला. रोज थोडा वेळ आबा स्वतःच्या दमावर राहू लागले. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी नळी काढली.

आबा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पोरी, माप घेतलंस तवा मी जागा हुतो. तिरडी कवा बांधताय, म्हणून वाट बघत हुतो."

तोंडात नळी घेऊन चार दिवस ते हेच धरून पडले होते, आणि आम्ही बाजूला जाऊन कुजबुजलो होतो.

शेजारच्या खाटेवर एक बेशुद्ध बाई होती. गळ्यातली टेप काढून सिस्टर तिच्या कानाशी वाकली आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, "मावशी, मशीनसाठी माप घेतेय. भिऊ नका."