बोलतच नसतील तर

जळगावच्या त्या दहा दिवसांच्या वर्गात आम्हा प्राध्यापकांना कायदा आणि अर्थशास्त्र एकत्र घोटून पाजत होते. माझ्या पुढच्या बाकावर पारोळ्याचे एक सर बसत. व्याख्याते सांगत, की शेजाऱ्यांनी भांडण कोर्टात नेण्यापेक्षा आपसात बोलून सौदा केला तर दोघांचाही फायदा होतो. मग हे गृहस्थ पेनाला टोपण लावून सावकाश उठत आणि विचारत, "पण सर, ते दोघं बोलतच नसतील तर?" उत्तर मिळालं की मान हलवून बसत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारत. तोवर बाहेर चहा गार होई. मी पार वैतागलो होतो.

माझ्याच कॉलेजातले एक सहकारी वर्गाच्या दुसऱ्या टोकाला बसत. विभागप्रमुखपदावरून आमचं चार वर्षं बोलणं बंद होतं, आणि हे वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं.

शेवटच्या दिवशी धुळ्याच्या एसटीला तोबा गर्दी होती. पारोळ्याच्या सरांनी खिडकीतून रुमाल आणि टोपी टाकून दोन जागा धरल्या आणि आम्हा दोघांना शेजारी शेजारी बसवलं. "बसा सर, माले पारोळालेच उतरनं शे," म्हणत स्वतः उभे राहिले, सारा वेळ आमच्याकडेच बघत.

पारोळ्याला उतरून त्यांनी खिडकीवर टकटक केली. "बोलले का?"

गाडी सुटली.

"काय वैताग आहे हा माणूस," मी म्हणालो.

"दहा दिवस गार चहा प्यायलो याच्यापायी," शेजारून उत्तर आलं.