ताम्मूचा नकार

सले गावच्या लोकरबाजारात मी रंगवलेली लोकर विकते. माझ्या तराजूशेजारी भिंतीला टेकून ताम्मू बसते. गालिचे विणणारी, विधवा, अंगानं काटकुळी, तोंडानं फटकळ. लोक तिला भांडखोर म्हणतात. म्हणोत बापडे.

दर गुरुवारी तिसऱ्या प्रहरी इथं गालिच्यांचा लिलाव होतो. दलाल गालिचा खांद्यावर टाकून चौकभर ओरडत फिरतो, व्यापारी कोपरा चिमटीत धरून भाव बोलतात, आणि शेवटचा भाव घेऊन दलाल विणणारीकडे येतो. तिनं ‘बरकत होवो’ म्हटलं की सौदा पक्का. तिनं म्हणायचं, दुसऱ्या कुणी नाही. पण आमचा दलाल बुअज्जा ते दोन शब्द स्वतःच उरकून टाकायचा. बायकांना घरी जायची घाई, पोरं वाट बघत असायची. वाद कोण घालणार?

ताम्मूनं घातला. वर्षभर खपून विणलेल्या तिच्या लाल गालिच्याला चौकातला बडा व्यापारी हाजी मक्की यानं मातीमोल भाव दिला.

“नाही,” ती म्हणाली.

“मावशी, याहून जास्त कुणी देणार नाही. बरकत होवो!” बुअज्जानं नोटा तिच्या मांडीवर टाकल्या आणि गालिचा घेऊन चालता झाला.

ताम्मू उठली ती थेट हाजीच्या दुकानात. मीही तराजू तसाच टाकून मागोमाग गेले. असला तमाशा कोण सोडतं? आत हाजीनं तोच गालिचा अंथरून परदेशी पाहुण्यांना त्यावर बसवलं होतं, पुदिन्याचा चहा चालला होता. ताम्मूनं नोटा हाजीसमोर ठेवल्या आणि पाहुण्यांना हातानं खूण केली, उठा. ते बिचारे पेले सांभाळत उठले. तिनं गालिचा गुंडाळायला घेतला.

“अगं, सौदा झालाय!” हाजी ओरडला.

“कुणाच्या तोंडानं? माझं तोंड तर माझ्याजवळच आहे, हाजी.”

“पुन्हा या बाजारात तुझा गालिचा कोण उचलतो तेच बघतो!”

“बघ. मी पण इथंच बसून बघते.”

खरंच कुणी उचलला नाही. तरी दर गुरुवारी ती गालिचा पाठीवर बांधून यायची आणि भिंतीशी बसायची. हिवाळ्यातला पाऊस सुरू झाला, तिचं छप्पर गळू लागलं. दुसऱ्यांची लोकर कातून ती कसंबसं पोट भरत होती. बुअज्जा जाता-येता टोमणा मारायचा, “काय मावशी, गालिच्याला ऊन दाखवायला आणलंस वाटतं?” त्याच्या थोबाडीत द्यावी असं मला कितीदा वाटलं. तिच्या बाजूला बसणारी विणकर गन्नूसुद्धा एकदा वैतागली.

“दे ना टाकून एकदाचा! दोन शब्दांसाठी उपाशी मरशील.”

“तेवढे दोनच तर माझे आहेत,” ताम्मू म्हणाली. “बाजार त्यांचा, भाव त्यांचा. तुझं काय आहे गं इथं?”

गन्नूनं आपला गालिचा पुढ्यात ओढून घेतला.

पुढच्याच गुरुवारी हाजीनं गन्नूच्या गालिच्याला भाव दिला. बुअज्जानं सवयीनं तोंड उघडलं, तेवढ्यात गन्नूनं झालर मुठीत धरली. “मी अजून बोलले नाहीये.” मग तिच्या पलीकडच्या बाईनंही आपल्या गालिच्याची झालर धरली, आणि तिच्याही पलीकडचीनं. भिंतीलगत बायका ओळीनं बसलेल्या, झालरी मुठीत, आणि एकीच्याही तोंडून शब्द नाही. व्यापारी आधी हसले, मग चिडले, मग घड्याळं बघू लागले; दुकानांत त्यांची गिऱ्हाइकं खोळंबली होती. मला इतका आनंद झाला की समोरच्या बाईला मी लोकर जास्तच तोलून दिली.

ऊन कललं तेव्हा हाजीच म्हणाला, “विचार रे बाबा एकेकीला.”

बुअज्जा वाकून विचारत गेला. गन्नूनं भाव वाढवून घेतला आणि खणखणीत आवाजात ‘बरकत होवो’ म्हटलं.

शेवटी तो ताम्मूपुढे आला. तिचा लाल गालिचा त्यानं मुकाट्यानं खांद्यावर घेतला, चौकाला फेरी मारली आणि हाजीचा भाव घेऊन परतला. भाव चांगला होता. खरं तर फारच चांगला. मी डोळ्यांनी खुणावत होते, घे गं बाई, छप्पर तरी दुरुस्त होईल.

“काय म्हणतेस, मावशी?”

“नाही,” ताम्मू म्हणाली.

सगळा चौक तिच्याकडे बघायला लागला. बुअज्जानं हाजीकडे पाहिलं. हाजीनं मान खाली घातली. मग बुअज्जानं गालिचा पुन्हा खांद्यावर टाकला आणि ओरडत दुसऱ्या फेरीला निघाला.