विमानकाकांची लाल वायर

विमानकाका खुर्चीत बसले की आधी पट्टा बांधायचे. खुर्ची ऑफिसातली जुनी, चाकं काढून प्लायवुडच्या फळीवर ठोकलेली. पट्टा भंगारातल्या जीपचा. समोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर विमान. पट्ट्याचा खटका वाजल्याशिवाय ते इंजिन चालू करत नसत. एकदा मी न राहवून विचारलं, "काका, इथून पडणार कुठे?" ते हसले नाहीत. "पट्ट्याशिवाय उडालो तर ती चेष्टा होईल गं. मी चेष्टा करत नाहीये."

चेष्टेची त्यांना फार भीती. बँकेतून निवृत्त झालेला, चारचौघांत मान असलेला माणूस दुपारभर विमान-विमान खेळतो हे कुणाला कळू नये म्हणून बेल वाजली की ते त्या सगळ्या पसाऱ्यावर चादर ओढायचे आणि "जुनं सामान आहे" म्हणायचे. आमचं घर त्यांच्या खालच्या मजल्यावर. मी तेव्हा इंजिनीअरिंगला होते. त्यांनी मला वर बोलावलं ते मला वायरिंग कळतं म्हणून, आणि मी गप्प असते म्हणूनही. "तू बरी. फार विचारत नाहीस," ते म्हणायचे. खरं म्हणजे इंग्लिश मीडियमच्या शाळेत गेल्यामुळे माझं मराठी चारचौघांत अडखळायचं, म्हणून मी बोलत नसे. त्यांना तो माझा गुण वाटला.

काकू अक्कलकोटकडच्या. शाळा चौथीत सुटलेली. उड्डाणाची परवानगी त्यांच्याकडून मिळायची. काका आतून ओरडायचे, "टॉवर, निघू का?" स्वयंपाकघरातून उत्तर यायचं, "थांबा की जरा! भाकरी तव्यावर हाय. जेवूनच उडा." काका मुकाट्यानं इंजिन बंद करायचे.

विमानाचा वेग कमीजास्त करायचा दांडा, चाकं खाली घ्यायचा खटका, दिव्यांची बटणं, सगळं काकांनी घरी केलेलं. प्रत्येकामागे एक छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, आणि दांडा किती ढकलला हे त्या बोर्डाकडून कॉम्प्युटरला सांगणारी यूएसबी वायर. कॉम्प्युटर प्रत्येक बोर्डाला एक पोर्ट नंबर देतो. वायर दुसऱ्या खाचेत घातली की कधीकधी नंबर बदलतो आणि विमानाचा प्रोग्राम जुन्याच नंबरावर हाका मारत बसतो. आमचे कितीतरी रविवार ह्या हाका जुळवण्यात गेले. काका बोर्डावरचा बारीक दिवा बघून म्हणायचे, "लाइट लागलाय ना? मग वायर बरी आहे." हा त्यांचा सिद्धांत. मी मान डोलवायचे.

त्या वर्षी दसऱ्याला त्यांचा कॉलेजातला मित्र येणार होता. दोघांनी हवाई दलासाठी एकदमच अर्ज केला होता. मित्र निवडला गेला, काका डोळ्यांमुळे राहिले. तो आयुष्यभर खरी विमानं उडवून निवृत्त झाला. काकांनी ठरवलं, ह्याला मात्र दाखवायचं. चादर न ओढता. त्याच्यासमोर सोलापूरच्या धावपट्टीवर विमान उतरवून दाखवायचं. आठवडाभर ते नीट जेवले नाहीत.

आदल्या दिवशी खंडेनवमी. काकूंनी मिक्सर, शिलाई मशीन, स्कूटर पुजली, तशी विमानाचीही पूजा केली. सगळ्या वायरी काढून बोर्ड पुसले, दांड्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि वायरी परत लावून ठेवल्या.

मित्र सपत्नीक आला. काकांनी पट्टा बांधला, दांडा पुढे ढकलला. विमान हललं नाही. परत ढकलला. बोर्डावरचा दिवा लागलेला, इंजिन ढिम्म. मित्र म्हणाला, "असू दे रे, होतं असं." ते ऐकून काकांचे कान लाल झाले. चहाचा ट्रे घेऊन काकू दारात आल्या, आणि काका त्यांच्यावर ओरडले, "तुला शंभरदा सांगितलं, हात लावू नको! अडाणी ती अडाणीच. हळदीकुंकवानं विमान उडतं का?" मग माझ्याकडे वळून, "तू सांग. वायरी उलटसुलट लावल्या की काय होतं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "पोर्ट नंबर बदलला असेल."

इतकंच. पण ते काकूंच्या विरुद्ध साक्ष दिल्यासारखं झालं. त्यांनी ट्रे ठेवला, पाहुण्यांच्या हातावर आपट्याचं सोनं ठेवलं आणि आत गेल्या.

पाहुणे गेल्यावर मी तपासायला बसले. नंबर बदललेला नव्हता. कॉम्प्युटरच्या यादीत दांड्याचा बोर्ड दिसतच नव्हता. मग मला वायर दिसली. लांब, लाल, चकचकीत. "ही कधीची?"

"सकाळी आणली. पाहुण्यासमोर ती जुनी मळकी कशाला?"

ती फक्त मोबाइल चार्ज करायची वायर होती. वीज नेते, म्हणून दिवा लागतो. निरोप नेत नाही. मी जुनी वायर लावली. कॉम्प्युटरनं टुंग असा आवाज केला आणि दांड्याबरोबर इंजिन गुरगुरलं. काकांनी इंजिन बंद केलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "काकूला नको सांगू."

मी नाही सांगितलं. एक गोष्ट सोडली तर घर नेहमीसारखंच चाललं. काका "टॉवर" म्हणून हाक मारायचे, आतून भांड्यांचा आवाज यायचा, उत्तर नाही. थोड्या दिवसांनी त्यांनी हाक मारणं सोडलं. काकू त्या खोलीचा केरसुद्धा उंबऱ्यापर्यंतच काढायच्या. मला मात्र जिन्यात गाठून ज्वारीचे गरम धपाटे खायला द्यायच्या. मी ते घ्यायचे आणि पायऱ्यांकडे बघत खाली यायचे.

पुढच्या खंडेनवमीला काकूंनी मिक्सर पुजला, मशीन पुजली, स्कूटर पुजली, आणि तबक घेऊन त्या खोलीवरून पुढे गेल्या. काका उठले. मी तिथेच होते, स्क्रू आवळत. ते दारात जाऊन म्हणाले, "अगं, मागच्या वेळी... ती वायर मीच चुकीची आणली होती. तुझं काही नव्हतं. मी त्या लोकांसमोर तुला..."

"ठाऊक हाय मला," काकू म्हणाल्या. "मी पुसल्या त्या समद्या काळ्या वायरी. लाल कुटनं आली, मला कळंना व्हय? दुसऱ्या दिवशी बघितलं, तर परत काळीच लावलेली."

"मग वर्षभर बोलली का नाहीस?"

"मी का बोलू? तुमी कधी सांगताय तेच बघत हुते."

काकांनी मान खाली घातली. काकूंनी तबक त्यांच्या हातात दिलं. "घ्या. तुमीच लावा कुंकू." मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला तो अजून ऐकू येतो.

"आन तू गं? तू तर माझे धपाटे खात हुतीस की."

काका जाऊन आता दोन वर्षं झाली. मी पुण्याहून घरी आले की वर जाते. काकू ताटात धपाटा वाढतात आणि समोर बसतात. पहिला घास घेताना मी अजूनही त्यांच्याकडे बघू शकत नाही.